बांधमामा कोकणात

खोरवाडीत हणमंतरावांचं घर विचारलंत तर लोक क्षणभर गोंधळतील; बांधमामा म्हणालात की शेंबडं पोरही दारापर्यंत आणून सोडेल. जळकोटच्या पुढं रस्ता संपत आला की दोन बोडके डोंगर लागतात, त्यांच्या बेचक्यात हे गाव. वर मुरूम, तरवडाची झुडपं आणि दगड. खाली काळ्या जमिनीची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीत बांधमामांची सात एकरं. पडलेला थेंब आपल्या रानातून हलता कामा नये, हा त्यांचा धर्म. चाळीस वर्षांत त्यांनी डोंगराच्या सोंडेपासून खालच्या विहिरीपर्यंत अकरा दगडी बांध घातले, तेही बहुतेक एकट्यानं. दुसऱ्याच्या रानातून पाणी वाहून जाताना दिसलं तरी हा माणूस चपला काढून चिखलात उतरायचा आणि त्याच्या बांधावर चार दगड ठेवून यायचा. शेजारचा वैजनाथ एकदा म्हणाला होता, "मामाला रडू आलं तर मामा गालावर बांध घालतील." मामा त्यावर हसले नाहीत. त्यात हसण्यासारखं काय आहे, हेच त्यांना कळलं नाही.

अशा माणसाचा एकुलता एक मुलगा नोकरीला लागला तो कोकणात. लातूर-नांदेडकडची डीएड झालेली कितीतरी पोरं तिकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत लागली, तसा दयानंदही लागला. समुद्राच्या काठचं खेडं, दोन खोल्यांची शाळा. दोन-तीन वर्षांत बदली करून घेऊ, असं म्हणून गेला त्याला अकरा वर्षं झाली. जातानाच लग्न झालं, बायको उज्वला सोबत गेली, शिवांगी तिकडंच जन्मली. दरवर्षी बदलीची यादी लागायची, दरवर्षी तीत दयानंदचं नाव नसायचं. धोंडाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, घराला लागून एक खोली काढून घेतली, तिला आकाशी रंग दिला, पलंग आणून टाकला. पोराची वाट बघून बघून त्या पलंगावर शेवटी हरभऱ्याची पोती चढली.

यंदा दयानंदचा फोन आला, की लातूरला जागा निघाल्यात, आपला नंबर वर आहे, फॉर्म भरला तर नाव नक्की लागेल. महिनाअखेरपर्यंत मुदत. ‘भरला तर’ हे दोन शब्द धोंडाबाईंच्या कानाला टोचले.

"भरला तर म्हंजी? अकरा वर्स कशाची वाट बघून राहिलो आपण?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमी स्वता जावा. फारम भरून घेतल्याबिगर माघारी यीऊ नगा."

"अगं, आता ते फोनवरच भरतेत म्हणं."

"फोनवर भरंना का. डोळ्यानं बगा, अन् मग या."

अकरा वर्षांत मामा एकदाही कोकणात गेले नव्हते. देवणी बैलांची जोडी कुणाच्या भरवशावर टाकायची, हे कारण ते दर वेळी सांगत आणि ते खरंही होतं. या वेळी वैजनाथ म्हणाला, जोडी मी बघतो. कारणच उरलं नाही. जुलै निम्मा गेला होता, पाऊस नुसता तोंड दाखवून गेला होता, रानात काम नव्हतं. धोंडाबाईंनी ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि धपाटी बांधून दिली आणि मामा निघाले.

घाट उतरेपर्यंत मामा ठीक होते. घाटात गाडी शिरली आणि कड्याकड्यावरून पांढऱ्या दोऱ्या लोंबायला लागल्या. एक, दोन, सात, मग मोजणं संपलं. मामांनी खिडकीची काच वर सारून हात बाहेर काढला. मागच्या बाईच्या अंगावर पाणी उडालं, ती ओरडली, तरी त्यांना हात आत घ्यायचं सुचेना. "हे सगळं जातंय कुठं?" त्यांनी कंडक्टरला विचारलं. "समुद्रात, आजोबा," तो म्हणाला. बँकेतून पोत्यानं नोटा काढून कुणी चुलीत घालत असावं, तसं मामांचं तोंड झालं.

दयानंद सौदामिनीकाकूंच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचा. काकू पंच्याहत्तरीच्या, एकट्या, जिभेला धार आणि हाताला माया. त्यांच्या घराभोवती सुपारीची बाग, दारात विहीर, मागं डोंगर आणि डोंगरातून येणारा एक ओढा, ज्याला तिकडं पऱ्ह्या म्हणतात. मामांना पहिले दोन दिवस काही दिसेचना. त्यांच्या गावात दोन कोसांवरून येणारा माणूस चालीवरून ओळखू यायचा. इथं शेजारच्या घरातली बाई हाका मारायची आणि झाडीतून नुसता आवाज यायचा. डोळा लांब टाकावा तर चार हातांवर हिरव्यात अडकायचा. मीठ पाघळलं, काडेपेटी सादळली, धोतर तीन दिवस दोरीवर लोंबत राहिलं तरी ओलंच. ज्वारीच्या पिठाला वास सुटला. भात खाऊन पोट भरायचं, पण जेवल्यासारखं वाटायचं नाही.

दयानंदनं त्यांना समुद्र दाखवायला नेलं. मामा बराच वेळ बघत उभे राहिले, मग खाली वाकून त्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. समुद्र खारा असतो हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण पाण्याच्या बाबतीत हा माणूस ऐकीव माहितीवर विश्वास ठेवत नसे. थू करून ते म्हणाले, "पुरं डोंगराचं गोड पाणी ह्यात आणून सोडतेत, अन् कुणाला काय बी वाटत न्हाई."

त्यांना वाटत होतं. त्या मागच्या पऱ्ह्यानं त्यांची झोप उडवली. चोवीस तास खळखळ, आणि एक थेंब थांबत नाही. चौथ्या दिवशी दयानंद आणि शिवांगी शाळेत, उज्वला बाजारात, काकू देवळात. मामांनी पडवीतली कुदळ उचलली आणि पऱ्ह्यात उतरले. जांभ्याचे चिरे तिथंच पडले होते. तासाभरात त्यांनी असा बांध घातला, की खोरवाडीत त्याचं कौतुक करायला गाव लोटला असता. चिऱ्याला चिरा, फटीला माती, वरून गवताची ढेकळं. पाणी अडलं, तुंबलं, चढायला लागलं. मामा काठावर बसून बघत होते. आयुष्यात इतक्या लवकर भरलेला बांध त्यांनी पाहिला नव्हता. त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी तंबाखूही मळली नाही.

दुपारच्या जेवणाच्या वेळेपर्यंत पाणी सुपारीच्या बागेत शिरलं, तिथून गोठ्यात, आणि तिथून काकूंच्या स्वयंपाकघरात. काकू देवळातून आल्या तेव्हा त्यांचा पाट आणि लाटणं दारातून बाहेर तरंगत येत होतं.

"अहो हणमंतराव! हे काय करून ठेवलंत?"

"पाणी अडवलं," मामा म्हणाले. हे सांगताना त्यांच्या आवाजात अजून थोडा अभिमान होता.

"आषाढात? अहो, आषाढात इथं पाण्याला वाट करून द्यायची असते! बांध घालायचा तो पाऊस गेल्यावर, दिवाळीच्या सुमाराला. आत्ता अडवाल तर आमचं घर समुद्रावर जाईल!" आणि मग मामांचा चेहरा बघून काकूंना हसू फुटलं. त्यांनी पदर खोचला आणि त्या स्वतः पऱ्ह्यात उतरल्या. दोघा म्हाताऱ्यांनी मिळून तो देखणा बांध फोडला. स्वतःच्या हातानं घातलेला बांध स्वतःच्या हातानं फोडायची मामांच्या जिंदगीतली ती पहिलीच वेळ. पाणी गेलं तेव्हा त्यांना बघवेना, ते तोंड फिरवून उभे राहिले. काकूंनी मात्र त्यांना समजूत म्हणून सांगितलं, की मे महिन्यात इथल्याही विहिरी खाली जातात, वाडीला टँकर येतो. मामांचे डोळे चमकले. "बगा! म्हणून म्हंतो, अडवा!" काकूंनी कपाळाला हात लावला.

उज्वला बाजारातून आली ती सरळ चिखल काढायला बसली. मामाही पत्र्याचा तुकडा घेऊन तिच्यासोबत काकूंच्या स्वयंपाकघरात गाळ खरवडायला लागले. मनातून ते लाजले होते, आणि लाजलेला माणूस जरा जास्त बोलतो.

"गावाकडं चला आता," ते म्हणाले. "असला चिखल न्हाई, सादळणं न्हाई. मोकळं हाय समदं. फारम तेवढा भरून टाकायला सांग त्याला."

उज्वला खरवडत राहिली. ती देवणीकडच्या गावची, शेतकऱ्याच्याच घरची. सासऱ्यापुढं मान वर करून बोलायची तिला सवय नव्हती, आणि ती मान वर न करताच बोलली.

"मामा, माझा दहावीचा गणिताचा पेपर होता त्या दिशी गावात टँकर आला. आई तापानं पडलेली. घरात पाणी न्हाई. म्या घागरी घेऊन उभी राहिले. नंबर आला, पाणी भरलं, घरी टाकलं, अन् पळत सेंटरला गेले. दार लावलेलं. ऑक्टोबरला पुन्हा बसले, निघाले. पर मला डीएड करायचं होतं, ते ऱ्हायलं ते ऱ्हायलंच."

मामांनी पत्र्यावरचा गाळ दाराबाहेर झटकला.

"हितं चिखल हाय, कपडे वाळत न्हाईत, समदं खरं हाय. पर अकरा वर्सांत माझ्या डोक्यावर घागर न्हाई. विहीर दारात हाय, मे महिन्यात खाली जाती, पर आटत न्हाई. शिवांगीला तर घागरीखाली डोक्यावर चुंबळ कशी ठिवतेत हे बी ठाव न्हाई." तिनं मनगटानं कपाळावरचा घाम पुसला. "तुमची विहीर भरलेली असती, मामा. तुमचे बांध लई चांगले हायेत. पर ती विहीर घरापासून किती लांब हाय, हे कवा तरी आत्याबाईला इचारा."

खोरवाडीत नळ आले होते, घरोघरी तोट्या बसल्या होत्या, पण पाणी आठ-दहा दिवसांनी यायचं, तेही आलं तर. एरवीचं पाणी मामांच्या विहिरीचं. अकरा बांधांनी अडवलेलं, मुरवलेलं, गोड पाणी. त्या विहिरीवरून रानाला ठिबकच्या नळ्या गेल्या होत्या, बैलांच्या हौदाला पाईप गेला होता. घरच्या पाण्याला मात्र उज्वलाच्या आत्याबाई, म्हणजे सासू धोंडाबाई, जायच्या. सकाळी दोन खेपा, संध्याकाळी दोन, पाऊण कोस. डोंगरावर पडलेला थेंब विहिरीपर्यंत कसा आणायचा, यावर मामा गावोगावच्या शिवारफेरीत तासभर बोलू शकत. विहिरीपासून चुलीपर्यंत तो कसा येतो, याचा त्यांनी पन्नास वर्षांत विचार केला नव्हता. ते वाईट माणूस नव्हते हो. पाणी आणणं हे बाईचं काम, एवढंच त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेल्या गोष्टीचा माणूस कशाला विचार करतो?

संध्याकाळी दयानंद त्यांच्याजवळ येऊन बसला. हातात फोन, फोनवर फॉर्म. सगळी माहिती भरलेली होती, शेवटचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं.

"आबा, उज्वला काही बोलत नाही. आई रोज फोनवर रडते. तुम्ही म्हणा, मी दाबतो."

मामांनी तो फोन हातात घेऊन उलटसुलट केला, जणू मागच्या बाजूला काही लिहिलेलं सापडेल. धोंडाबाईंनी ज्यासाठी पाठवलं ते एका बोटावर आलं होतं.

"अजून किती दिस हायेत?"

"सहा."

"मग तुझ्या आईशी बोलून सांगतो," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं निघाले.

गावात उतरल्या उतरल्या पारावर माणसं जमली. मामा, कसं हाय कोकण? मामांनी सुरुवात केली ती तीन दिवस थांबले नाहीत. "बेकार. माणूस माणसाला दिसत न्हाई. पिठाला बुरा येतोय. भात खाऊन खाऊन हैराण. लई पाणी, पर एक थेंब थांबत न्हाई. आपला मुलूख तो आपला मुलूख. उजाड का असंना, नजर तरी पोचती." वैजनाथनं विचारलं, बांध-बिंध हायेत का तिकडं? मामांनी विषय बदलला. खरं सांगायचं तर ते पारावरच्या लोकांना काही सांगतच नव्हते, स्वतःला पटवत होते. कोकण पुरेसं वाईट ठरलं, तर उज्वलाला इकडं बोलावण्यात पाप नाही, असा त्यांचा हिशेब. तो काही केल्या जुळत नव्हता, म्हणून रोज एक नवं खोटं त्यात घालावं लागत होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी कोकणातल्या आंब्यालाही नावं ठेवली. आंबा त्यांनी तिथं चाखलाही नव्हता.

धोंडाबाई हे सगळं उंबऱ्यात बसून ऐकायच्या आणि त्यांना बरं वाटायचं. "फारम भरतो म्हणाला न्हवं?" त्या विचारायच्या. "भरतो म्हणालाय," मामा म्हणायचे. मुदत संपायच्या दिवशी सकाळी धोंडाबाईंनी आकाशी खोली उघडली आणि हरभऱ्याची पोती एकेक करून ओढत बाहेर काढली. पलंग पुसला. गादी उन्हात टाकली. मामा दारात उभे राहून बघत होते. बायको इतकी भराभर हलताना त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती, आणि ते त्यांना सहन होईना.

पलंगाचे खूर पुसता पुसता धोंडाबाईंनी सहज विचारलं, "अन् उज्वला पाणी कुठून आणती हो तिकडं? लांब जावं लागतंय का?"

भाताबद्दल, पिठाबद्दल, आंब्याबद्दल मामा वाटेल ते बोलले होते. पाण्याबद्दल खोटं बोलायला त्यांची जीभ उचलेना.

"दारात हाय," ते म्हणाले.

"दारात म्हंजी?"

"दारात म्हंजी दारात. उंबऱ्यापासनं सात-आठ पावलावर विहीर. पावसात तर वाकून कळशी बुडवावी इतकी भरलेली. अकरा वर्सांत तिच्या डोक्यावर घागर न्हाई."

आणि मग उंबऱ्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. पऱ्ह्यात घातलेला बांध सांगितला, काकूंचं तरंगणारं लाटणं सांगितलं, उज्वलाचा गणिताचा पेपर सांगितला. बटण दाबायचं राहिलंय, हेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "तू म्हणशील तसं. आजचा दिस हाय."

धोंडाबाई खाली फरशीवर बसल्या होत्या, हातात ओलं फडकं. त्यांनी डोक्यावरचा पदर मागं सारला आणि टाळूवरून हात फिरवला. मध्यावर रुपयाएवढी जागा पुरी गुळगुळीत झाली होती. चुंबळीनं तिथले केस कधीच गेले होते. मामांनी ती जागा हजारदा पाहिली असेल. आज त्यांना ती दिसली, आणि त्यांनी मान खाली घातली.

"फोन लावा," धोंडाबाई म्हणाल्या.

मामांनी लावून दिला. पलीकडं उज्वलाच होती; मागं पावसाचा आवाज इथपर्यंत येत होता.

"उज्वला, म्या बोलते. पाणी दारात हाय म्हणं?"

"हाव, आत्याबाई," उज्वला म्हणाली, जणू चोरी सापडली होती.

"मग त्याला म्हणावं, फारम भरू नगंस. आईनं सांगितलंय म्हणावं."

 पलीकडं उज्वला रडायला लागली.

"रडू नगंस, लेकी. शिवांगीला दिवाळीत धाड. पलंग पुसून ठिवलाय, त्यावर निजंल ती." एवढं बोलून त्यांनी फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि ओलं फडकं पुन्हा उचललं.

त्या दिवशी धोंडाबाई जेवल्या नाहीत. मामाही जेवले नाहीत, पण त्यांचं कुणी विचारलं नाही. ऊन उतरलं तशा धोंडाबाई उठल्या, तोंडावर पाण्याचा हात फिरवला, चुंबळ घेतली आणि कोपऱ्यातल्या दोन घागरी उचलल्या. मामा वाटेत उभे होते. त्यांनी एक घागर बायकोच्या हातातून काढून घेतली, मग दुसरीही.

"अवं, पारावर लोक बसलेत," धोंडाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "हसतील की."

"हसू दे," मामा म्हणाले. "मला फकस्त एवढं सांग, ही डोक्यावर ठिवायची कशी?"